काळ्या रेघेतला चेहरा

रंगोबा म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. पण पठ्ठ्याच्या हातात दोन घराणी नांदत होती, बरं का! बापाकडून जुनी सपाट चित्रं आलेली: डिंकात कालवलेले रंग, ठसठशीत काळी रेघ, सावलीचं नाव नाही. चित्रशाळेच्या मास्तरांकडून तैलरंग: एका गालावर उजेड, दुसऱ्यावर अंधार. दोन्ही घराणी सवतींसारखी, एकमेकींचं तोंड बघायची नाहीत.

तर त्याच्या बायकोची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले. ती म्हणाली, "अहो, जगाची तोंडं रंगवलीत. एकदा माझं काढा. दिसतंय तोवर बघून तरी घेते."

त्यानं जीव ओतून तैलचित्र काढलं. तिनं पार नाकाला लावून पाहिलं. "हा काय, शेगडीचा धूर काढलात?"

सावल्यांचे नाजूक पदर तिला दिसेनातच. मग त्यानं सपाट चित्र काढलं. रेघा दिसल्या, पण ती म्हणाली, "ही कुठली राणी घरात आणलीत?" बापाच्या पद्धतीत सगळ्या बायकांना चेहरा एकच!

धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तैलचित्रावरच काळी रेघ ओढ की."

एरवी रंगोबानं त्याला वेड्यात काढलं असतं. पण घाई माणसाची अक्कल खाते. डिंकाची रेघ ओल्या तेलावर ठरते कुठली? थेंब थेंब होऊन गोळा झाली. पुसायला गेला, तर नाक गालावर आलं.

"वहिनीचं नाक भांडतानासुद्धा इतकं फेंदारत नाही," भाऊ म्हणाला.

रंगोबानं हातातली चिंधी फेकून दिली. तेल वाळायला आठवडे लागणार, आणि बायको समोरचा कप हातानं चाचपडत होती.

शेवटी त्यानं नवी फळी घेतली आणि क्रमच उलटा केला. आधी डिंकाचा रंग, तो तर बघता बघता वाळतो. त्यावर जाड काळी रेघ, पण तिच्याच नाकाची, तिच्याच हनुवटीची. वरून तेलाची सावली इतकी पातळ, की रेघ बुडू नये. बाप आणि मास्तर, दोघांनीही कानफटात दिली असती!

खिडकीशी फळी धरून ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"आहे बाई, मीच आहे," ती म्हणाली. "नाक तेवढं कमी करायचं होतं." मग बाजूच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "आणि तुम्ही कुठं?"

आरसा आणायलाही तो उठला नाही. कुंचला बुडवून सरळ स्वतःचं कपाळ काढायला लागला.

"हळू काढा," ती म्हणाली, "मी बघतेय."

पण तिचं तोंड फळीकडे नव्हतंच, भिंतीकडे होतं. रंगोबानं रेघ आणखी जाड केली, मग आणखी जाड, आणि हात थांबवला नाही.