मन राखणारं वेळापत्रक

भोकरदनच्या शाळेत वेळापत्रक करायचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या हुशारीमुळे नव्हे, तर माझं कोणाशीच वाकडं नव्हतं म्हणून. मुख्याध्यापक म्हणाले, "कोणाचं मन दुखलं न्हाई पाहिजे, एवढं बघा. बाकी बराबर जमतंय."

आमच्याकडे मनं दुखायला फारसं काही लागत नसे. गणिताचे सर आणि विज्ञानाच्या मॅडम एकमेकांशी बोलत नव्हते, कारण स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत मॅडमचं नाव सरांच्या वर छापलं गेलं होतं. छापणाऱ्याने माफी मागितली, पण राग काही उतरला नाही. मॅडमची पाठ वळल्याशिवाय सर दहावीच्या वर्गाकडे फिरकत नसत. मॅडम सातव्या तासानंतर घरी जायच्या. म्हणून दहावीचं गणित मी आठव्या तासाला टाकलं. दोघेही माझ्यावर खूश झाले आणि मुख्याध्यापकांनी मला चहा पाजला.

आठवड्याने दहावीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली. ती वस्तीवरून एसटीने यायची.

"सर, आमची गाडी सातव्या तासालाच निघती, मंग दुसरी न्हाई. गणिताचा तास वर घ्या ना. नापास झाले तर बाबा शाळा बंद करणारेत."

जागा होती. दुसऱ्या तासाला मॅडम प्रयोगशाळेत असायच्या, तेव्हा गणित बिनधास्त बसलं असतं. फक्त दहावीवरचा तो तास माझा होता, मराठीचा. सकाळी मुलं ताजी असतात, कविता शिकवली की डोळे मोठे करून ऐकतात. आठव्या तासाला तीच मुलं जांभया देतात, आणि जांभई मला फार लागते. मी तिला म्हणालो, "बघतो." हा शब्द आम्ही मास्तर लोक नाही म्हणायचं जिवावर आलं की वापरतो.

वर्षभर मी बघत राहिलो. ती दुसऱ्या तासाला पहिल्या बाकावर बसून माझ्या कविता पाठ करायची आणि सातव्या तासाला दप्तर उचलून स्टँडकडे पळायची.

निकालाच्या दिवशी ती पाया पडायला आली. "मराठीत शाळेतून पहिली आले, सर." मला खरोखर आनंद झाला. गणिताचं विचारायला मी विसरलो नाही, मुद्दामच विचारलं नाही. गुणपत्रिका तिच्या हातातच होती.

त्याच उन्हाळ्यात सरांच्या मुलीच्या लग्नात मॅडम स्वतः वाढायला उभ्या राहिल्या आणि अबोला सुटला. जूनमध्ये मी दुसरा तास आपणहून गणिताला दिला. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, मन असावं तर असं. मला बरं वाटलं. मग नव्या दहावीच्या मुलींकडे मी त्या एसटीने येणाऱ्या मुलीची चौकशी केली.

"ती? तिचं लग्न ठरलंय, सर," एकजण म्हणाली. "तुमच्या सगळ्या कविता अजून म्हणती ती, जवारी निवडताना."