पुष्पचक्राखालचा मेहुणा

आमच्या हिने एका दगडापायी माझ्या नाकी नऊ आणले आहेत. दगड म्हणजे चौकातलं युद्धस्मारक. माझं शिवणाचं दुकान नेमकं त्याच्यासमोर, त्यामुळे हिची प्रत्येक लढाई मला हातात कात्री धरून बघावी लागते.

स्मारक देखणं आहे, नाही म्हणत नाही. निमुळता काळा स्तंभ, पायाशी एकच पायरी. आर्किटेक्टने नावं हुद्द्याप्रमाणे वरून खाली कोरून घेतली, ती थेट पायरीला टेकेपर्यंत. 'जागा सोडली की दगड बोडका दिसतो,' म्हणाले. माझा मेहुणा पलटणीचा आचारी. जवानांना जेवण पोचवताना गेला. त्याचं नाव सगळ्यात खाली. पण पुष्पचक्र कुठे ठेवायचं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते ठेवतात पायरीवर, स्तंभाला टेकवून. म्हणजे बरोबर मेहुण्याच्या तोंडावर.

मानवंदनेच्या पहिल्याच कार्यक्रमात पाहुण्यांनी ते ठेवलं, आणि ही तरातरा जाऊन बाजूला सरकवून आली. स्मारक समितीच्या अध्यक्षांनी परत मध्ये आणलं. हिने परत सरकवलं. तेव्हापासून दरवर्षी हेच, आणि मी मान खाली घालून बसलेला.

"अगं, तासाभराचा तर प्रश्न असतो!"

"तो तासभरच लोक नावं वाचतात. एरवी कोण बघतंय?"

कप्पाळ माझं! मी पुन्हा कात्री उचलली.

समितीचे उपाय तर विचारूच नका. लोखंडी तिपाई आणली, तर तिच्यावरच्या चक्रामागे निम्मी पलटण गडप झाली. मग लहानसं चक्र आणलं, ते वाऱ्याने गडगडत गटारात. शेवटी यंदा आर्किटेक्ट स्वतः दुकानात आले. ही तिथेच बसलेली.

"ताई, खालच्या दोन ओळी घासून पुन्हा कोरतो. तुमचा भाऊ एक ओळ वर."

मी मनात म्हटलं, सुटलो!

"आणि खाली कोण?" हिने विचारलं.

"त्याच्या वरचा. त्याच्यामागे तसं तक्रार करणारं कुणी नाही."

"म्हणून त्याला झाकायचं?" ही कडाडली. "राहू द्या माझाच खाली. त्याला निदान मी आहे."

मी हात टेकले. इतका राग आला होता, तरी तिच्यावर ओरडवेना.

यंदाच्या कार्यक्रमात ही आधीच स्तंभाशेजारी जाऊन उभी राहिली. पाहुणे पुष्पचक्र घेऊन आले, तेव्हा हिने हात पुढे केले. ते गोंधळले, अध्यक्षांकडे बघितलं, आणि देऊन मोकळे झाले. पहिल्यांदाच समोरच्या रांगेतून शेवटचं नाव दिसत होतं. भाषण मात्र लांबत चाललं. चक्र जड, आणि हिचे हात थरथरू लागले. खाली ठेवेल तर शपथ! शेवटी मी चरफडत उठलो, सगळ्यांसमोरून गेलो आणि दुसरी बाजू धरली.

"हळू, फुलं दाबू नका," ही पुटपुटली.

"आता दरवर्षी मीच का?"

"मग कोण? मेहुणा कुणाचा?"