सासऱ्यांची झोप आणि डावा बॉल जॉइंट

माणसं शेजाऱ्याच्या बंगल्यावर जळतात, त्याच्या पोराच्या मार्कांवर जळतात, माझा एक मित्र तर शेजाऱ्याच्या केसांवर जळायचा. मी एका घोरण्यावर जळलो. असा जळलो की त्या हिवाळ्यात आमच्या कुवेतमधल्या एगैलाच्या फ्लॅटमध्ये हीटर लावावा लागला नाही.

घोरणं माझ्या सासऱ्यांचं. ते मिरजेकडचे, लाल बसच्या डेपोत छत्तीस वर्षं मेकॅनिक, आणि महिन्याभरासाठी लेकीकडे कुवेतला आलेले. त्यांचा एक नियम अख्ख्या सासरवाडीला पाठ आहे: ज्या गाडीत नको तो आवाज येतो त्या गाडीत ते डोळा मिटत नाहीत. चपला काढायच्या, तळपाय गाडीच्या जमिनीला लावायचे आणि वैद्यानं नाडी बघावी तशी गाडी बघायची. माझ्या लग्नात वरातीच्या गाडीत बसल्यावर सगळे भावुक झाले होते. सासरे मला म्हणाले, “क्लच गेलाय.” ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

विमानतळावरून त्यांना आणताना पहिल्याच स्पीडब्रेकरवर त्यांच्या पायाखालून आवाज आला. कटक! दुसऱ्यावर पुन्हा. तो आवाज असा होता की शुऐबाच्या बंदरातल्या एखाद्या जहाजानं भोंगा वाजवून उत्तर दिलं असतं.

“जावईबापू,” सासरे म्हणाले, “गाडीचा खुबा गेलाय की वो.”

हे माझ्या वर्मी लागलं, कारण मी इथल्या एका इस्पितळात एक्स-रे काढतो. झिजलेल्या खुब्यांचे फोटो काढण्यात माझी हयात चालली आहे. माणसाच्या खुब्यासारखाच एक सांधा गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांपाशी असतो: उखळीत लोखंडी गोळा. चाक वळतं, वरखाली होतं ते त्याच्यावर. त्याला म्हणतात बॉल जॉइंट. इथल्या उन्हात त्याच्यावरचं रबर पापडासारखं तडकतं, आत वाळू शिरते, ग्रीस सुकतं, गोळा उखळीत खुळखुळायला लागतो, आणि दुर्लक्ष केलं तर एक दिवस चाक बाजूला आडवं पडतं. हे सगळं सासऱ्यांनी घर येईपर्यंत मला समजावून सांगितलं, आणि टक्क जागे राहिले.

मी म्हटलं, बघू पगार झाल्यावर. आणि तिथंच चुकलो, कारण खालच्या मजल्यावर शेजारी राहतो.

शेजारी रत्नागिरीकडचा, मसाले आणि खजुराच्या दुकानात कामाला. त्याची गाडी माझ्या गाडीची आजी शोभावी इतकी जुनी. पण त्याच्या वडिलांची मासेमारीची लाँच होती, आणि हा म्हणे तिच्या इंजिनाच्या मांडीवरच वाढला. एका गुरुवारी मला ड्युटी होती, म्हणून त्यानं सासऱ्यांना आणि बायकोला सलव्याला आमच्या एका नातेवाइकांकडे नेऊन आणलं. मी घरी आलो तर बायको दारातच.

“अहो, बाबा झोपले!”

“झोपू देत की. प्रवासानं दमले असतील.”

“घरात नाही हो, गाडीत! सलव्यापासून थेट इथपर्यंत. घोरले सुद्धा!”

आतून सासऱ्यांचा आवाज आला, “गाडी न्हाई ती, पाळणा हाय पाळणा. बॉल जॉइंट त्यानं सोताच्या हातानं बसवल्यात. पोराच्या हातात गुण हाय.”

लग्नाला अकरा वर्षं झाली. या माणसासाठी मी आंबे पाठवले, गुडघ्याचे पट्टे पाठवले, त्यांच्या दोन्ही खुब्यांचे फोटो फुकटात तपासून दिले. गुण मात्र खजूर विकणाऱ्याच्या हातात! त्या रात्री मी जेवलो, पण चपाती चावताना ती शेजारी आहे असं समजून चावली.

दुसऱ्या दिवशी जिन्यात तो भेटला. “भाई, चाचांनी सांगितलं तुमच्या गाडीचं. पुढच्या शुक्रवारी करून टाकू का? दोन तासांचं काम.”

“गरज नाही,” मी म्हटलं. “माझं मी करणार आहे.”

आता बोललो तर खरं. पण मी आयुष्यात गाडीचं बॉनेट फक्त पाणी भरायला उघडलं होतं, आणि तेही एकदा काच पुसायच्या टाकीत भरायचं पाणी भलत्याच ठिकाणी ओतलं होतं. म्हणून बुधवारी सुट्टी टाकली. घरी सांगितलं की एका मित्राच्या कंपाउंडमध्ये काम करतो, आणि गाडी सरळ शुवैखच्या एका गॅरेजात नेली.

तिथल्या उस्तादानं चाक हलवून बघितलं आणि म्हणाला, “साहब, दोनों बदलो. जोड़ी में जाते हैं।”

“सिर्फ राइट,” मी म्हटलं.

मला घाई होती, आणि माझा हिशोब साधा होता. इथं स्टेअरिंग डावीकडे. सासरे पुढे बसतात ते उजवीकडे. तळपाय लावतात ते उजवीकडे. मग डाव्या बाजूचे लाड कशाला? उस्तादानं माझ्याकडे बघितलं, नवीन लग्न झालेल्या वेड्याकडे बघतात तसं, आणि काम केलं. मी तोवर इथला दाट दुधाचा करक चहा दोनदा प्यायलो. निघताना त्याच्या डब्यातलं ग्रीस दोन बोटांवर घेऊन कोपरापर्यंत चोपडलं. थोडं नाकावर. कलाकारानं कुठं थांबायचं हे कळलं पाहिजे, म्हणून कानाला लावलं नाही.

घरी आलो. बायको थक्क. योगायोगानं शेजारीही आला होता, सासऱ्यांसाठी खजूर घेऊन. तो रोज योगायोगानंच यायचा.

“झालं?” सासरे.

“झालं. जरा दमवलं, पण झालं.”

“हात धुऊन या.”

धुऊन आलो.

“दाखवा.”

दाखवले. सासऱ्यांनी चष्मा पुसून एकेक बोट तपासलं, मी हाडं बघतो तसं. मग म्हणाले, “जावईबापू, सांधा निघता निघत न्हाई. पाचर घालून हातोडा हाणावा लागतोय. छत्तीस वर्षांत त्यात बोटाची सालं गेली न्हाईत असा मानूस मी बघितला न्हाई. तुमचे हात म्हंजी हळदीच्या नवरीचे हायत.”

मग ते खाली उतरले. मागोमाग वरात: मी, बायको, शेजारी. सासरे गाडीखाली वाकले, मोबाइलचा उजेड पाडला आणि तिथूनच विचारलं, “उजवा नवा हाय. डावा?”

“डावीकडे मी बसतो, बाबा.”

पलीकडच्या इमारतीतलं मांजरसुद्धा थांबून बघायला लागलं. शेवटी शेजारीच म्हणाला, “भाई, कोण कुठं बसलाय ते गाडीला कोण सांगणार?”

सासरे उठले, गुडघे झटकले. “शुक्रवारी सकाळी. तुम्ही करायचं. ह्यो हत्यारं देईल. मी खुर्चीवर.”

शुक्रवारी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत गाडी जॅकवर चढली, खाली आधाराला लोखंडी घोडी लागली, आणि माझी परीक्षा सुरू झाली. खरं दुखणं हातोड्याचं नव्हतं. सासरे नुसतं “स...” म्हणायचे की शेजारी सतराचा पाना पुढे करायचा. दोघांत असा मेळ होता की जावई तोच आणि मी भाड्यानं आणलेला हमाल. दोन दातांची पाचर सांध्यात घालून मी हाणत होतो. पहिले बारा घाव पाचरीवर, तेरावा माझ्या बोटांवर. सालं गेली. सासरे खुर्चीतून म्हणाले, “हां. आता लागलं काम मार्गाला.”

त्यानंतर सांधा ठाण्णकन सुटला. मी नवा बसवला, नट आवळला, नटाच्या खाचेतून पिन घातली. सासऱ्यांनी वाकून पिनेचे दोन्ही पाय मला नीट उलगडायला लावले. “हे इसरलं तर नट आपल्या वाटंनं आनि चाक आपल्या वाटंनं,” ते म्हणाले. बस्स. गुणाबिणाचं काही नाही. शनिवारी चाकांची अलाइनमेंट करून आणली, तेव्हाही काही नाही.

रविवारी दुपारी सलव्याला त्याच नातेवाइकांकडे जेवण होतं. शेजाऱ्यालाही बोलावलं होतं, अर्थातच. परतताना सासरे पुढे बसले, चपला काढल्या, तळपाय टेकवले. मागे बायको आणि शेजारी. मी मुद्दाम एकही स्पीडब्रेकर चुकवला नाही. पहिला गेला. दुसरा. फिंतास मागे पडत होतं तेव्हा माझ्या उजव्या कानाला एक बारीक शिट्टी ऐकू आली. मग खर्ज लागला.

मी आरसा थोडा वळवला, शेजाऱ्याचं तोंड नीट दिसेल असा.

“भाई,” तो कुजबुजला, “आपलं वळण गेलं.”

“हळू बोल. बाबा झोपलेत.”

“माझ्या गाडीत एवढ्या मोठ्यानं नव्हते घोरले,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात तीच चव होती, जी मी चपातीबरोबर चावली होती.

समोर शुऐबाच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसायला लागल्या. बायकोनं मागून माझा शर्ट ओढला. मी स्टेअरिंगवरचा सालं गेलेला हात जरा वर सरकवला, मागच्यांना दिसावा म्हणून, आणि सरळ गाडी चालवत राहिलो.