अक्कांनी ओळखलेलं झाड

"मज ठाऊक नाही," हे वाक्य अक्का अगदी आनंदानं म्हणायच्या. कुणी फांदी आणून नाव विचारलं की आधी पान चुरगळून हुंगायच्या, उलटसुलट करून बघायच्या आणि नाव सुचलं नाही तर त्यांचा चेहरा उजळायचा. जन्मभर मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई असं बेधडक कबूल करते, याची मला गंमत वाटे.

मी साताऱ्याची. लग्न होऊन कुंभकोणमला आले तेव्हा शेजारच्या या अक्कांशीच माझं पहिल्यांदा सूत जमलं. त्यांचं तंजावरी मराठी माझ्या पणजीच्या वेळचं वाटायचं, मध्येच तमिळमध्ये शिरायचं. माझी मराठी ऐकून त्या म्हणत, तू रेडिओवरच्या बातम्या वाचल्यागत बोलतेस.

आमच्या परसात फणसाचं मोठं झाड होतं. निदान सगळे त्याला फणस म्हणत. पान तोडलं की तसाच पांढरा चीक यायचा. दरवर्षी फांद्यांवर लिंबाएवढे पिवळट गोळे धरायचे आणि वाळून गळून पडायचे. फणस असा एकही कधी लागला नाही. गल्लीत त्याला 'मलडु' म्हणत, म्हणजे वांझ.

माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, तेव्हा तो शब्द झाडावरून माझ्याकडे सरकला. सासूबाई मनाच्या वाईट नव्हत्या, पण धास्तावल्या होत्या. वांझ झाड दारी असेपर्यंत घरात मूल खेळायचं नाही, असं तिरुविडैमरुदूरच्या एका नात्यातल्या बाईंनी त्यांना सांगितलं. आडी महिना, म्हणजे इकडचा आषाढ, सरला की झाड तोडायचं ठरलं.

हे मी अक्कांना रडत रडत सांगितलं. त्यांनी माझे डोळेही पुसले नाहीत. विचारलं, "तो फणसच, असें कोणी सांगितलें?"

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी परसात येऊन बसू लागल्या. खाली पडलेले गोळे नखानं फोडून भिंगाखाली धरत आणि मान हलवत. वाळलेल्यातून काही कळत नव्हतं. ताजे गोळे होते पार वर. शेवटी मी पदर खोचला, गच्चीवर गेले आणि शेवग्याच्या शेंगा काढायच्या आकडीनं एक फांदी ओढून घेतली. फांदी मोडली तशी सासूबाई आतून बाहेर आल्या.

अक्का ओट्यावर गोळा ठेवून सुईनं एकेक बारीक फूल सुटं करत होत्या. मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, हे झाड लावलं कोणी. सासूबाईंना आठवायला वेळ लागला. त्यांचे धाकटे दीर नायजेरियात मास्तर होते. ते सुट्टीत आले तेव्हा रुमालात बांधून कसल्याशा बिया आणल्या होत्या. तिकडे भाजून खातात म्हणाले होते. एकच रुजली. दीर पुढे तिकडेच वारले आणि झाड फणसासारखं दिसतं म्हणून फणसच झालं.

अक्का उठून उभ्या राहिल्या. इतक्या घाईनं उठताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"वैनी, हा फणस नव्हे," त्या म्हणाल्या. "फणसाच्या नरफुलांत एकच पुंकेसर असतो. हे पाहा, येथें तीन आहेत. हा आफ्रिकेंतला निरफणस. तिकडे नदीकाठच्या रानांत होतो."

त्याचं शास्त्रीय नावही त्यांनी सांगितलं, ट्रेक्युलिया आफ्रिकाना, एकेक अक्षर चवीनं उच्चारत. सासूबाईंचा प्रश्न वेगळाच होता. मग फळ का धरत नाही?

"ह्यांच्यांत नर निराळा, मादी निराळी. हा नर आहे. ते गोळे म्हणजे ह्याचीं फुलें, दरसाल येतात." अक्कांनी खोडावर हात ठेवला. "वांझ कसला, वैनी? इतकीं वर्षें तुम्ही पुरुषास बाळंत हो म्हणत होतां."

सासूबाईंना आधी हसू आलं. पदर तोंडाला लावून त्या हसल्या, आणि मग हसता हसता थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

कळलं संध्याकाळी. हे दुकानातून आले तेव्हा सासूबाईंनी त्यांना समोर बसवलं आणि विचारलं, डॉक्टरांकडे ही इतक्या वेळा गेली, तू एकदा तरी गेलास का? त्यांनी मान खाली घातली. पुढच्या सोमवारी आम्ही दोघं मिळून गेलो. तपासणीत काय निघालं ते आमच्या दोघांपुरतं आहे. पण त्या घरात 'मलडु' हा शब्द पुन्हा ऐकू आला नाही. झाड तोडायला आलेल्या माणसांना सासूबाईंनी कॉफी पाजून परत पाठवलं.

अक्का गेल्या वर्षी पंगुनी महिन्यात, फाल्गुनात, वारल्या. आता त्यांच्या विद्यार्थिनींच्या विद्यार्थिनी झाड बघायला येतात आणि सासूबाई त्यांना स्वतः परसात नेतात, आफ्रिकेतलं आहे म्हणून सांगतात.

पण मला अक्का दिसतात त्या झाड ओळखलं त्या दुपारच्याच. आमच्या घरून त्या थेट कॉलेजच्या लायब्ररीत निघाल्या होत्या, पुस्तकात नाव ताडून बघायला. दारात रिक्षा थांबवली. कुठे जायचं, असं रिक्षावाल्यानं विचारलं, तर पत्ता सांगायचा सोडून त्या त्याला तमिळमध्ये सांगू लागल्या, या घराच्या मागे आफ्रिकेचा एक पुरुष उभा आहे, चाळीस वर्षं कुणाला पत्ता नव्हता, आज मी त्याला ओळखलं. त्या माणसानं रिक्षा बंद केली, खाली उतरला आणि टाचा उंचावून आमच्या भिंतीपलीकडे पाहू लागला.