निळ्या नळीला नमस्कार

मुलांनो, काल फोनवर तुम्ही खोलीत बसवलेला जंतू मारणारा दिवा कौतुकाने दाखवलात, तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून आजच लिहायला बसले.

टाळेबंदीत तसाच दिवा आपल्या नाशिकच्या घरी होता. तुमच्या आजोबांची अख्खी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात झालेली, त्यामुळे तयार पेटी विकत घेणं त्यांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी पत्र्याच्या पेटीत अतिनील किरणांची नळी बसवली आणि दुधाच्या पिशव्या, किल्ल्या तिच्यात ठेवू लागले. झाकण तेवढं बसवायचं राहिलं.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेलं. त्यांना समजावलं, डीएनएच्या एकाच पट्टीवर थायमिन नावाचे दोन घटक शेजारी असले, की हे किरण त्यांना एकमेकांना जोडून टाकतात. मग समोरच्या पट्टीशी त्यांचं नीट जुळत नाही, नक्कल काढताना काम तिथेच अडतं. जंतू मरतो तो असा. पण तेच घटक आपल्या कातडीत आणि डोळ्यांतही आहेत. त्यांनी मान डोलावली.

एका संध्याकाळी मात्र दिवेलागणीला त्यांनी सवयीने त्या उघड्या नळीसमोर हात जोडले आणि तिच्याकडे बघत सगळं स्तोत्र म्हटलं.

"अहो, त्याच्याकडे बघू नका."

"मग दिव्याला पाठ करून नमस्कार करू का?"

सकाळी त्यांना डोळे उघडवेनात. वाळू गेल्यासारखं खुपतंय म्हणाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बुबुळावरचा थर भाजल्याचं सांगून दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. बहुतेक भरून येईल, म्हणाले. मला ते 'बहुतेक' झोपू देईना. बिघडलेला तुकडा कापून पेशी तिथे नवा भरते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते. आता मात्र ती दुरुस्ती कधी कधी चुकते, एवढंच आठवत होतं. आजोबा भिंत चाचपत मोरीकडे जात आणि मी मागून, त्यांना कळू न देता, हात पुढे धरून चाले.

पट्ट्या निघाल्या तेव्हा मी विचारलं, काय दिसतंय?

"तू दिसतेस. चष्मा डोक्यावर ठेवून शोधते आहेस."

नळी मी त्याच दिवशी काढायला लावली. तरी अजून रोज त्यांच्याकडून पेपरातला बारीक मजकूर वाचून घेते. त्यांना वाटतं, मला बातम्यांची आवड लागली.

तुमचा दिवा लागतो तेव्हा खोलीत कोणी असतं का, ते आजच कळवा. आजोबांची नजर शाबूत आहे.