झाडं बंद, सावल्या बंद

तीन मित्र आणि तीन कॉम्प्युटर वर्षानुवर्षं एका खोलीत राहिले, की टेबलामागच्या वायरींसारखे किस्से साठत जातात. एक ओढायला जावं तर भलताच हातात येतो!

तन्वीरच्या वडिलांचा कर्वेनगरात कॉम्प्युटर क्लास होता. शनिवारी दुपारी तो बंद असायचा. मग तन्वीर, प्रशांत आणि मी तिथे बंदुकांचा गेम खेळायचो. तिघंही हिंजवडीत नोकरीला. आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये भांडायचो ते शनिवारच्या गेमवरूनच.

*

प्रशांत आमचा सेटिंगवाला. क्लासची मशीन जुनी, गेम नवा. पहिल्याच दिवशी त्याने तिन्ही मशीनवरच्या सावल्या बंद केल्या. मग पाणी, गवत, झाडं, सगळंच बंद. गेम पळायला लागला, पण दिसायला उजाड माळरान!

एकदा त्याचे बाबा त्याला शोधत आले. ते महापालिकेच्या उद्यान खात्यातून निवृत्त झालेले. बराच वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाले, "इथे एकही झाड कसं नाही रे?"

"होती बाबा. मध्ये येत होती, मी काढली."

"परवानगी घेतली होतीस?"

*

माझ्या स्क्रीनवर चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसायचं. वरचा तुकडा इकडे, खालचा तिकडे. मी कुठूनतरी वाचून व्ही-सिंक नावाचं सेटिंग चालू केलं. चित्र एकदम सलग झालं!

प्रशांतचा नियम असा, की गेम सुरू करण्याआधी प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभं राहून मशीन तपासायचं. त्याने माझ्या स्क्रीनकडे नुसतं पाहिलं आणि सेटिंग बंद केलं.

"अरे, छान दिसत होतं!"

"छान दिसतं, पण क्लिक उशिरा पोचतं. चित्रच बघायचं असेल तर आपण थिएटरात जावं!"

*

मग एका शनिवारी प्रशांत हरला. त्याच्या पुढच्याही शनिवारी हरला. हे आक्रीतच होतं.

"माउस गेलाय," तो म्हणाला. नवा माउस आणला. मग माउसची वायर मशीनच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये घातली. मॉनिटर बदलला. सेटिंगमध्ये बंद करण्यासारखं काही उरलं नाही, तरी तो शोधत राहिला. "कुठेतरी लॅग आहे. मी दाबतो आणि गोळी उशिरा सुटते."

तन्वीर म्हणाला, "वय झालं तुझं, आजोबा!"

खालून चहा आला. प्रशांतने कप उचलला आणि तो हातातून सुटून कीबोर्डवर पडला.

"घ्या," प्रशांत म्हणाला, "कपालाही लॅग!"

आम्ही पोट धरधरून हसलो. तोही हसला.

*

मग डॉक्टरकडे त्याच्या तपासण्या झाल्या. बसमध्ये त्याने आम्हाला सांगितलं, "मशीन ठीक होतं रे. हाताच्या नसा निकामी होत चालल्यात. वाढत जाणार म्हणाले."

"औषध?"

"ह्याला सेटिंग नाही."

तो खिडकीबाहेर बघत बसला. मला रडू येत होतं आणि बस खच्चून भरलेली.

पुढे त्याने नोकरी सोडली आणि शनिवारीही यायचा थांबला. फोन केला की म्हणायचा, "तुम्ही खेळा. मी आलो तर तुम्ही मुद्दाम हराल, आणि ते मला चालणार नाही."

त्याच्याशिवाय आम्हालाही खेळवेना.

*

खूप मिनतवाऱ्या केल्यावर एका शनिवारी तो आला. गाडी चालवता येत नव्हती, म्हणून बाबा रिक्षाने घेऊन आले. तो यायच्या आधी तन्वीरने आपल्या आणि माझ्या मशीनवर व्ही-सिंक चालू केलं होतं, माउसचा वेगही पार कमी केला होता. आम्ही अगदी जीव तोडून खेळलो. प्रशांत जिंकला!

बाबांनी टाळ्या वाजवल्या. प्रशांत हळूहळू उठला. सवयीप्रमाणे आधी तन्वीरच्या खुर्चीमागे उभा राहिला, मग माझ्या. किती वेळ तसाच उभा होता. मान वर करायची माझी हिंमत होईना.

"आज तुमचं चित्र फाटत नाहीये," तो म्हणाला.



प्रशांत परत आपल्या जागेवर जाऊन बसला. माउस त्याने बाजूला सारला.

"तन्वीर, माझ्याही मशीनवर लाव ते. सावल्या, पाणी, सगळंच चालू कर."

"अरे, मग गेम हलणार नाही!"

"नको हलू दे."

तन्वीरने एकेक सेटिंग चालू केलं. प्रशांतने वळून शेजारची खुर्ची जवळ ओढायचा प्रयत्न केला. ती त्याला ओढवेना, ती मी ओढली.

"बाबा, इकडे या," तो म्हणाला. "झाडं परत लावली."