आमचे साडू तीन किलोमीटर पळतात

पळायला पाय लागतात असं मानणारी माणसं आमच्या साडूंना भेटलेली नाहीत. साडूंच्या मते पळायला आधी आलेखाचा कागद लागतो, मग फूटपट्टी, मग तीन रंगांची स्केचपेनं, आणि पाय वगैरे किरकोळ सामान सगळ्यात शेवटी. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे बेळगावकडचे, पण बंगलोरात तीस वर्षं मुरलेले, आणि यशवंतपूरच्या एका पंपांच्या कारखान्यात प्लॅनिंग ऑफिसर. नव्वदीच्या सुरुवातीला मी कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी पुण्याहून आलो आणि बनशंकरीत त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायला लागलो. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही अण्णाच म्हणायचो. ते मला ‘साडूभाऊ’ म्हणत, आणि त्या हाकेपाठोपाठ हमखास एखादं काम यायचं.

एका वर्षी आमच्या भागातल्या मराठी मंडळानं गणेशोत्सवात तीन किलोमीटरची दौड ठेवली. पत्रक हातात पडलं तेव्हा अण्णा बावन्न वर्षांचे होते आणि त्यांचं शेवटचं पळणं सुटलेल्या बसच्या मागे झालं होतं. बस मिळाली नव्हती. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जेवणघरात भिंतीवर चार फुटी तक्ता लागला. रकाने चार: उद्दिष्ट, प्रत्यक्ष, फरक आणि आधार. मुख्य उद्दिष्ट लाल अक्षरात होतं: तीन किलोमीटर, न थांबता, चोवीस मिनिटांत. यातला ‘आधार’ हा रकाना फार पवित्र. कुठलाही आकडा कशावरून लिहिला ते तिथं नोंदलंच पाहिजे. वजनाच्या ओळीत त्यांनी यशवंतपूर स्टेशनच्या काट्याचं तिकीटच चिकटवलं होतं. त्या तिकिटामागे ‘आपण मितभाषी व चपळ आहात’ असं भविष्य छापलेलं होतं, आणि त्याच्यापुढे अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

दौडीला सहा आठवडे होते. त्यातले पहिले तीन ‘पूर्वतयारी’त गेले, म्हणजे अण्णा एक पाऊलही पळाले नाहीत. त्या काळात त्यांनी कॅनव्हासचे बूट घरात घालून ‘सेट’ केले, कुत्र्यांसाठी शिट्टी घेतली आणि रस्ता मोजला. मोजला म्हणजे मोजायला मला लावला. सायकलच्या टायरवर खडूची खूण करून ते सायकल ढकलणार आणि खूण जमिनीला लागली की मी एक आकडा म्हणणार. नऊशे सत्तरपर्यंत व्यवस्थित आलो होतो, तेवढ्यात फुलवाल्या बाईनं विचारलं, “तिंडी आयता?” सकाळी कुणी भेटलं की नाश्ता झाला का हे विचारायची इथली रीत. मी पुण्याचा असलो तरी मला थोडी माणुसकी आहे. “झालं की!” म्हणालो आणि आकडा गेला. अण्णांनी सायकल वळवली आणि आम्ही परत एकपासून सुरुवात केली. मी म्हटलं, “अहो, नऊशे सत्तरच्या आसपासच होतं, माझा शब्द घ्या.” त्यावर ते अगदी शांतपणे म्हणाले, “साडूभाऊ, माणसाचा शब्द म्हणजे आधार नव्हे. आमच्या स्टोअरवाल्यांच्या शब्दावर मी पंचवीस वर्षं काढलीत.”

पळणं सुरू झाल्यावर उद्दिष्टं भराभर सुधारू लागली. पहाटे पाचला उठण्याचं उद्दिष्ट ‘सुधारित’ होऊन साडेपाच झालं, मग पावणेसहा. अक्का म्हणायच्या, “पळा खुशाल, पण येताना दुधाच्या पिशव्या आणा.” त्यामुळे आमचा हा खेळाडू अर्धा सराव दोन्ही हातांत पिशव्या धरून करायचा. शिवाय कुठूनही निघाले तरी अण्णांचा रस्ता कोपऱ्यावरच्या दर्शिनीसमोरून, म्हणजे खुर्च्या नसलेल्या छोट्या हॉटेलासमोरून, जायचा, आणि उभ्यानं इडली-वडा खाल्ल्याशिवाय पुढे जायचा नाही. “शक्ती लागते ओ!” असं म्हणत ते चटणी परत मागून घेत. वडा मात्र तक्त्यात कधी चढला नाही.

त्याच दर्शिनीत एकदा मी त्यांची यथेच्छ टिंगल करत होतो. मंडळाच्या पोरासोरांच्या दौडीसाठी एवढा थाटमाट कशाला, असं काहीतरी. अण्णांनी बशी खाली ठेवली. “स्वल्प ऐका,” ते म्हणाले. “पंचवीस वर्षं मी प्लॅन करतोय. एक म्हणून वेळेत झाला नाही बघा. कधी माल आला नाही, कधी लाइट गेली, कधी संप. आता दिवाळीनंतर कारखान्यालाच टाळं लागतंय. मला एकदा तरी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, ठरलेलं काम पुरं झालेलं बघायचंय. मग जातो घरी.” मी तोंडातला वडा गिळला आणि त्यांची बशी परत त्यांच्या हातात दिली.

पत्रकात दौडीची वेळ साडेसहा होती. आमच्या मंडळाची साडेसहा म्हणजे आठ, हे बंगलोरातल्या प्रत्येक मराठी माणसाला आईच्या दुधाबरोबर कळलेलं असतं. एकट्या अण्णांना ते मान्य नव्हतं. सहा वाजता आम्ही दोघं मंडळाच्या हॉलपाशी हजर. दुसरं चिटपाखरू नाही. मी म्हटलं, “अण्णा, थांबूया की थोडं. प्रमुख पाहुणेसुद्धा अजून अंघोळीला गेले नसतील.”

“पत्रकात साडेसहा आहे,” अण्णा म्हणाले.

त्यांनी कारखान्यातून कामगारांच्या कामाची वेळ मोजायचं जुनं चावीचं स्टॉपवॉच आणलं होतं. दोन घड्याळं म्हणजे दोन वेळा आणि मग वाद, म्हणून त्यांनी साडेसहाला एक मिनिट असताना माझं आणि स्वतःचं मनगटी घड्याळ आपल्या स्कूटरच्या डिकीत बंद केलं आणि किल्ली मोज्यात खोचली. मला एक सूचनापत्रही दिलं होतं. ते मी वाचलं नव्हतं. “सोडा!” म्हणाले, मी बटण दाबलं आणि आमचे साडू पाण्याच्या टाकीच्या दिशेनं एकटेच निघाले, तोंडात शिट्टी धरून.

ते वळणाआड गेल्यावर मी काटा पाहिला. काटा जागचा हललाच नव्हता. सूचनापत्र उघडलं. कलम पहिलं: चावी द्या.

सहा आठवडे त्या माणसाची खिल्ली उडवली, आणि माझ्याकडे एकच काम होतं. तेवढंही मला जमलं नाही. मूर्खासारखा ते मेलेलं घड्याळ धरून मी बसून राहिलो. आणि मग लांबून शिट्टी ऐकू आली. अण्णा येत होते. तोंड लालबुंद, एका बुटाची नाडी सुटलेली, पण थांबले नव्हते. त्यांनीच मारलेल्या खडूच्या रेघेवरून ते गेले, गुडघ्यांवर हात टेकले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “किती?”

“तेवीस मिनिटं चाळीस सेकंद,” मी म्हणालो.

अण्णा पायरीवर बसले आणि धोतराच्या सोग्यानं पुसावेत तसे बनियनच्या टोकानं डोळे पुसायला लागले. मग त्यांनी स्टॉपवॉच मागून घेतलं. सवयीनं चावी फिरवायला लागले. भरलेली चावी दोन वेढ्यांत अडली असती; ही फिरतच राहिली, फिरतच राहिली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, “सरी,” म्हणजे ‘ठीक’, एवढंच म्हणाले आणि घड्याळ खिशात टाकलं. डिकी उघडायची शुद्ध त्यांना त्यानंतर अर्ध्या तासानं आली.

आठ वाजता पाहुणे आले, त्यांनी वक्तशीरपणावर पंधरा मिनिटं भाषण केलं आणि दौड सुटली. अण्णा लिंबूसरबत वाटत होते. मंडळाच्या यादीत त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ असा शेरा पडला.

दिवाळीनंतर कारखाना बंद झाला आणि अण्णा-अक्का बेळगावला परत निघाले. सामान बांधताना तक्ता मी उतरवला. मला तो नीट बघायचाच नव्हता, पण शेवटची ओळ डोळ्यांसमोर आली. उद्दिष्ट: चोवीस मिनिटं. प्रत्यक्ष: तेवीस चाळीस. फरक: वीस सेकंद आधी. आधारच्या रकान्यात इतर ओळींत तिकिटं आणि पावत्या चिकटवल्या होत्या. इथं मात्र अण्णांच्या वळणदार अक्षरात, शाईनं लिहिलं होतं: साडूभाऊंचा शब्द.